फुसाएच्या अक्षरात

८ ऑक्टोबर

फुसाए माहेरी, त्सुरुओकाला गेली त्याला आज नऊ दिवस झाले. सासूबाई अंगणात घसरल्या, खुब्याला मार बसला, म्हणून गेली. "राहीन थोडे दिवस," म्हणाली. थोडे म्हणजे किती, ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आमच्या घरात न विचारताच सगळं चालतं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, चाललंच आहे की.

ही वही सुरू करण्याचं कारणही तीच. मला बडबडायला माणूस लागतं. कादंबरीकार एकांतात रमतो वगैरे मुलाखतीत सांगायला ठीक आहे. प्रत्यक्षात मी सकाळी लिहितो, दुपारी बायकोच्या मागेमागे फिरत जगाच्या तक्रारी करतो, आणि ती हो हो म्हणत माझी पानं उतरवून काढते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चारशे चौकटींच्या कागदावर लिहितो खरा, पण एकही अक्षर चौकटीत राहत नाही. तेच सगळं ती नव्या कागदावर एका चौकटीत एक अक्षर असं मांडते, निवडलेल्या तांदळासारखं. मग ती प्रत बाहेर जाते. आठ पुस्तकं तिच्या हातून गेली, आणि आता ही वर्तमानपत्रातली रोजची कादंबरी.

जाताना फ्रीजमध्ये पंधरा डबे भरून गेली, प्रत्येकावर तारीख. हिवाळी कोटही घेऊन गेली. सप्टेंबरच्या शेवटी! त्सुरुओकात थंडी लवकर पडते हे खरं, पण इतकी? शिवणाचा डबाही नेलाय. आजाऱ्याच्या उशाशी बसून वेळ कसा घालवायचा, म्हणून नेला असेल.

डबे सहा उरलेत. त्याआधी येईल.

१० ऑक्टोबर

कुसाका-सान येऊन गेली. वर्तमानपत्रात माझी कादंबरी तीच सांभाळते. वय चौतीस, चेहऱ्यावरून कधीही कळत नाही की खूश आहे की वैतागली आहे. फुसाए नसल्यामुळे हल्ली माझी कच्ची पानंच तिला न्यावी लागतात.

"शिओदा-सेन्सेइ, ही ओळ काय आहे?"

"वाच की."

"तीनदा वाचली. तिसऱ्यांदा त्यात एक बेडूक निघाला."

बेडूक नव्हता. पाऊस होता. असो.

पिशवीभर पत्रं घेऊन आली होती. गेल्या महिन्यातल्या त्या पाच भागांवर वाचकांच्या अक्षरशः उड्या पडल्यात. त्यांत माझी नायिका तोशिको दर चौदा तारखेला नवऱ्याला "कोतो वाजवायच्या शिकवणीला जाते" असं सांगून घराबाहेर पडते आणि टेकडीमागच्या देवळात जाते. तिथे न जगलेल्या पोरांचा राखणदार असलेला दगडी जिझो आहे. त्याच्या गळ्यात स्वतः शिवलेलं लाल लाळेरं बांधते, जुनं सोडून घडी करून पिशवीत ठेवते. नवरा एकदा तिच्या मागोमाग जातो, झाडाआडून हे सगळं बघतो आणि काही न बोलता परत येतो. बायकांनी पानंपानं भरून लिहिलंय, रडल्या म्हणे. खोटं कशाला बोलू, लिहिताना मीही रडलो होतो. फुसाएवर माझा इतका जीव कधी जडला नव्हता, जितका ते पाच भाग लिहिताना जडला.

"बाईंनी आधी वाचलं होतं ना हे?" कुसाका-सानने विचारलं.

"नाही ना! तीच तर गंमत. ते पाच भाग मी तिच्याकडे उतरवायला दिलेच नाहीत, थेट तुमच्याकडे पाठवले. म्हटलं, पेपर उघडेल आणि दचकेल. आपल्याला वाटत होतं ह्याला काही ठाऊक नाही, पण ह्याला सगळं ठाऊक होतं, असं तिला वाटेल."

"मग? काय म्हणाल्या?"

"काही नाही. पेपर घडी करून ठेवला आणि मला आणखी थोडं मिसो सूप वाढलं."

कुसाका-सान पेन उघडत आणि बंद करत बसली. मग म्हणाली, "आणि सासूबाई कधी पडल्या?"

"त्यानंतर आठेक दिवसांनी."

ह्या पोरीला सगळ्याच्या तारखा कशाला लागतात कोण जाणे.

१५ ऑक्टोबर

न राहवून त्सुरुओकाला फोन केला. सासूबाईंनीच उचलला. धापा टाकत होत्या.

"कोण, जावईबापू? थांबा हं, शिडीवरून उतरतेय. पर्सिमन काढायचा हंगाम ना!"

ब्याऐंशी वर्षांचं वय, खुब्याचं दुखणं, आणि म्हातारी शिडीवर! जुन्या माणसांची हाडंच वेगळी. मी जपून राहायला सांगितलं.

"मला काय झालंय जपायला?" म्हणाल्या. मग जराशा थांबल्या. "हां हां, ते. बरंय आता ते."

फुसाएला द्या म्हटलं, तर ती बाहेर गेलीय म्हणाल्या. मागे कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. फुसाए नळ बंद केल्यावर पुन्हा एकदा पिळून घट्ट करते, त्याचा एक बारीक आवाज येतो. तसाच आवाज आला. पण सगळ्याच बायका तसं करत असतील.

डबे संपले. दुकानातले तयार भाताचे गोळे खातोय. घर कसं खायला उठतं, ते आता कळलं.

२४ ऑक्टोबर

त्सुरुओकाहून पेटी आली! पर्सिमन. ह्या जातीची फळं जन्मतः तुरट, देठांना दारू चोळून बंद करून ठेवतात, मग आठवड्याने गोड होतात. पेटीवर फुसाएच्या अक्षरात लिहिलं होतं, "तीस तारखेआधी उघडू नये." तिचं अक्षर बघून माझा धीर सुटला, लगेच उघडली. एक खाल्लं. जिभेला कुणी लोकर गुंडाळल्यासारखं झालं, तासभर बोलता येईना. बोलायला होतं तरी कोण म्हणा.

चिठ्ठी वगैरे काही नव्हती. प्रत्येक फळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. कागद उलगडून सरळ केला तर माझीच कादंबरी! तेच पाच भाग, तोशिको देवळात जाते ते. म्हणजे तिथेही तिने ते जपून ठेवले होते तर. मला बरं वाटलं. मग ते कुणी फळांना का गुंडाळलं असेल, ह्याचा विचार करत बसलो. म्हातारीला काय, हाताला लागेल तो कागद.

२ नोव्हेंबर

मला डब्यात घातलंय. संपादक लोक हा शब्द वापरतात. लेखक लिहीत नसला की त्याला एखाद्या मुक्कामाच्या घरी नेऊन कोंडायचं, जेवण खोलीत, फिरणं बंद, शेजारच्या खोलीत संपादक. तरुणपणी मला ह्याचा केवढा अभिमान वाटायचा! आता त्रेसष्टाव्या वर्षी कंबर धरते.

दोष माझाच. दोन आठवड्यांत एक ओळ झालेली नाही. छापायचे भाग संपत आलेत. आणि पुढे येतंय ते दवाखान्याचं प्रकरण, तोशिकोचं बाळ मेलेलंच जन्मतं ते. ज्याच्यासाठी सगळी कादंबरी मांडली ते हेच, आणि हात चालेना. पूर्वी अडलं की फुसाए नुसती शेजारी येऊन बसायची. काही सांगायची नाही, शेंगा सोलायची. तेवढ्यावर मी लिहायचो. महिन्याहून जास्त मी तिची वाट बघतोय हे कबूल करायला मला ह्या कोंडीत यावं लागलं. ये ना गं आता. खुबा बरा झालाय म्हणे.

४ नोव्हेंबर

झालं! सकाळी बसलो ते दुपारपर्यंत उठलो नाही. तोशिको खाटेवर, खिडकीबाहेर जुलैचं पांढरंफटक ऊन, नवरा खुर्चीत. त्याने तिचा हात धरलाय. दाई बाळाला कापडात गुंडाळून नेते आणि तो हात सोडत नाही. ह्या हाताच्या पकडीवरच सगळा भाग उभा आहे. माझ्या हातून इतकं चांगलं काही उतरलेलं नाही.

जेवताना खुशीत होतो. कुसाका-सानला ती जुनी गोष्ट सांगितली. मोठ्या पारितोषिकाला माझं नाव होतं तेव्हाची. निकालाच्या संध्याकाळी उमेदवार लेखकाने संपादकांसह एका ठिकाणी बसून फोनची वाट बघायची, ही आमच्यातली रीत. आम्ही सहा जण एका बारमध्ये फोनभोवती बसलो होतो, मयताला बसावं तसे. सात वाजता घंटी वाजली आणि "ह्या खेपेला हुकलं" असा निरोप आला. मग काय, हुकल्याची पार्टी!

"कोणत्या वर्षी हे?" तिने विचारलं.

"त्र्याण्णवच्या जुलैत. काय उकाडा होता!"

ती संत्रं सोलत होती. सोलता सोलता थांबली. "तुमच्या आराखड्यात तोशिकोचं बाळही त्याच जुलैतलं ना, सेन्सेइ? चौदा तारीख."

"कादंबरी आहे ती," मी म्हटलं. "तपशील इकडचे तिकडे होतातच."

"हो," ती म्हणाली, आणि अर्धं संत्रं माझ्यापुढे ठेवलं. मला तिचा रागच आला.

५ नोव्हेंबर

डब्यातून सुटून घरी आलो आणि एक शहाणपणाची गोष्ट केली. दवाखान्याचा भाग आधी फुसाएकडे पाठवला, तातडीच्या टपालाने. "ह्या वेळी तुझ्या आधी कुणीही वाचलेला नाही. उतरवून देशील?" एवढंच लिहिलं. चौदा तारखेच्या अंकात यायचाय, नऊपर्यंत परत आला तरी पुरे.

नवऱ्याने हात धरल्याचं वाचेल तेव्हा तिचं मन निवळेल. कशाने गढूळलंय ते मला नीट ठाऊक नाही, पण निवळेल.

९ नोव्हेंबर

टपाल आलं.

तिचं अक्षर, एका चौकटीत एक. माझा शब्द न् शब्द जागच्या जागी. खाट, ऊन, दाई. फक्त हाताचं वाक्य नाही. त्या जागी तिने, तितक्याच चौकटींत बसवून, हे लिहिलंय:

"खुर्चीत कुणी नव्हतं. आईने खाली जाऊन फोन केला. पलीकडून निरोप आला, फोन मोकळा ठेवा."

मी तिथेच दारात खाली बसलो.

म्हणजे तिला माहीत होतं. सगळं, शब्दासकट.

आता वहीत तरी खरं लिहितो. फुसाएला आठवा महिना होता, त्या सकाळी ती चांगली होती. मी फ्रीजवर बारचा नंबर चिकटवून गेलो, खाली "फारच तातडी असेल तर" असं लिहून. त्या दिवशी फोन दोनदा वाजला. मी सगळ्यांना सांगतो ती घंटी दुसरी. पहिली सहाला वाजली. बारच्या मालकाने उचलला आणि फोनच्या तोंडावर हात ठेवून मला म्हणाला, "दवाखान्यातून, तुमच्या सासूबाई." मी हात हलवला. "सांगा, मागाहून करतो. आत्ता फोन मोकळा ठेवायला सांगा." पाच जणांनी माना डोलावल्या. त्या क्षणी आम्हा सहा जणांना ह्याहून वाजवी काही वाटलं नसतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पोचलो. फुसाएने विचारलं, "मिळालं का?" मी नाही म्हटलं. "मग पुढच्या वेळी," ती म्हणाली.

एकतीस वर्षं ती माझी पानं उतरवते आहे.

१० नोव्हेंबर

रागावलोय. कादंबरीकार मी आहे. कोणी सांगितलं होतं तिला बदलायला? कुसाका-सानचा फोन आला, "कोणती प्रत लावू?" तिला कसं कळलं दोन प्रती आहेत? मीच काल फोनवर बरळलो म्हणे. "माझी," म्हटलं. "माझ्या नावावर छापून येतं, माझी लावा."

"बरं," म्हणाली. मग फोन न ठेवता तशीच. मीच ठेवला.

दुपारी जेवण गेलं नाही. तिची प्रत छापली तर लोक मला काय म्हणतील ते मला पाठ आहे. ज्या बायका रडल्या त्याच थुंकतील. आणि माझी छापली तर? एक माणूस वाचेल आणि पेपर घडी करून ठेवेल. ते आता मला सोसवणार नाही. पण तिची छापायची तर तेही तिचंच दुःख पुन्हा वेशीवर टांगणं नाही का? एकदा न विचारता टांगलंय. हे वाक्य आत्ता लिहिलं तेव्हा मला कळलं की माझं घोडं कुठे पेंड खात होतं. सासूबाईंच्या खुब्याला काहीही झालेलं नाही.

११ नोव्हेंबर

फोन केला. ह्या वेळी फुसाएनेच उचलला. सहा आठवड्यांनी तिचा आवाज.

"तुझी प्रत मिळाली," म्हटलं. "छापू का?"

"अहो, तुम्ही विचारताय?"

"हो."

पातेल्यावरचं झाकण सरकवल्याचा आवाज आला.

"माझं जे होतं ते तुमचं सप्टेंबरातच छापून झालंय," ती म्हणाली. "बारा वर्षांपूर्वी झाडाआड उभे होतात, ते मला त्याच दिवशी दिसलं होतं. वाटलं, पुढे येतील. मग वाटलं, नाही आले, पण निदान त्यांच्यापाशीच राहील. हे फोनचं मात्र तुमचं आहे. ते तुमचं तुम्ही ठरवा."

"आणि तू कधी..."

"गॅसवर आमटी ठेवलीय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कुसाका-सानला लगेच कळवलं, फुसाएची प्रत लावा. ती नेहमीच्याच सुरात "बरं" म्हणाली, पण नंतर हळूच नाक ओढलेलं मी ऐकलं.

१४ नोव्हेंबर

छापून आलं. सकाळी पेपर उघडला आणि स्वतःचंच वाक्य असल्यासारखं वाचलं. माझं नाव, माझी गोष्ट, आणि लिहिलेलं तिने.

मासळीवाली बाई रोज "काय सेन्सेइ, आज बांगडा?" म्हणून ओरडते. आज तिने न बोलता बांगडा कागदात बांधला, पैसे घेतले, आणि मी वळल्यावर म्हणाली, "माझा नवराही असाच होता. तो मात्र लेखक नव्हता, त्याला काही निमित्तच नव्हतं." हे सांत्वन होतं की शिवी, अजून ठरवता येत नाही.

दुपारी सासूबाईंचा फोन.

"जावईबापू, पेपर वाचला."

"हो."

"एकतीस वर्षांनी का होईना, फोन उचललात म्हणायचा."

मी माफी मागायला तोंड उघडलं, आणि रडूच फुटलं. म्हातारी वाट बघत होती. शेवटी म्हणाली, "रडा सावकाश. बिल तुमच्याकडे नाही, मी केलाय फोन."

२३ नोव्हेंबर

काल त्सुरुओकाला जाऊन आलो. न कळवता गेलो नाही. येऊ का, असं आधी विचारलं. "दुपारी आहे मी," एवढं उत्तर आलं. नीइगाताहून पुढे गाडी समुद्राच्या कडेने जाते. पूर्ण वाटेत मी काय बोलायचं ते मनाशी मांडत होतो, खाडाखोड करत होतो. उतरलो तेव्हा त्यातलं एकही वाक्य हाताशी नव्हतं.

फुसाए घरामागे नळाखाली लाल सलगम धूत होती, लोणच्यासाठी. केस आखूड कापलेत. मला बघून उठली नाही, पण बाजूला सरकली. मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो आणि एक सलगम उचलला. पाणी इतकं गार, की दोन मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत.

"मुळांतली माती काढा नीट. वरवर धुऊन काय उपयोग?"

काढली. चारपाच झाले. सासूबाई दारात आल्या, आम्हाला बघितलं, काहीतरी विसरल्यासारखं करून आत गेल्या.

मी म्हटलं, "तेव्हा कचेरीत कागद भरायला मी गेलो होतो. मेलेल्या बाळाच्या कागदात नावाचा रकानाच नसतो. मला तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं."

ती धूत राहिली.

"तू ठेवलं होतंस का? नाव?"

माझा धंदाच नावं ठेवण्याचा. पुस्तकागणिक वीस वीस माणसांना नावं दिली, कुत्र्यांना दिली, नुसत्या दारात येऊन जाणाऱ्या टपालवाल्याला दिली. आणि हा प्रश्न मी काल पहिल्यांदा विचारला.

फुसाएने नळ बंद केला. पुन्हा एकदा पिळून घट्ट केला.

"कशाला हवंय? पेपरात द्यायला?"

"नाही."

"नंतर कधी पुस्तकात?"

"नाही. मला हवंय."

तिने ओले हात एप्रनला पुसले, आधी तळवे, मग बोटं एकेक. समोरच्या सलगमांकडे बघत तिने नाव सांगितलं. मला ऐकू आलं नाही असं समजून पुन्हा एकदा सांगितलं. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, पण मी तसं म्हटलं नाही.

मग आम्ही उरलेले सलगम धुतले. चहा झाला. पाचच्या गाडीने मी निघालो, कारण पुढचा भाग द्यायचा होता. कधी येतेस, हे विचारलं नाही. ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "पानं इकडे पाठवा. त्या पोरीचे डोळे जातील तुमचं वाचून."

गाडीत पूर्ण वाट त्या नावाने मनातल्या मनात हाक मारत होतो. एकतीस वर्षांची झाली असती, म्हणून एकदा मोठ्या माणसाला हाक मारतात तशी, मागे 'सान' लावूनही मारून पाहिली.

नाव इथे लिहीत नाही.